स्ट्रॅडब्रोक बेटावरून कानपिळी

ज्या दिवशी करमाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न लागलं, त्या दिवशी मी ऑस्ट्रेलियातल्या एका बेटावर पाठीवर तयार फेटा घेऊन चालत होतो. हे सांगितलं की लोक आधी फेट्याबद्दल विचारतात, मग बेटाबद्दल. मी बेटाबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण तिकडे कुणी जाणार असेल तर त्याला फेट्याचा काही उपयोग नाही.

ते कोविडचं दुसरं वर्ष होतं, मार्च महिना. मी मेलबर्नला क्लेटनमध्ये राहतो. तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आलो आणि नोकरी लागली म्हणून राहिलो. माझी पदवी सांडपाण्याची आहे, म्हणजे शहराचं सांडपाणी गोळा करून शुद्ध कसं करायचं याची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील शिंपी आहेत, आई त्यांच्या शेजारी बसून काजं-बटणं करते. मी पास झालो तेव्हा पदवी कशातली याची चौकशी न करता सगळ्या गल्लीत पेढे वाटले गेले. त्याबद्दल मी आजही गल्लीचा आभारी आहे.

बहिणीचं, सुवर्णाचं, लग्न ठरलं तेव्हा ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली होती. माझा व्हिसा तात्पुरता. एकदा बाहेर पडलो तर परत आत घेतील, असं छातीवर हात ठेवून सांगणारा कुणी भेटेना. हे मी सुवर्णाला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "दादा, तू येऊ नकोस. तुझी नोकरी गेली तर मला रडू येईल, आणि लग्नात मेकअप असतो."

मग तिने एकच अट घातली. "पण कान तूच पिळायचास."

आमच्याकडे अक्षता पडल्या की नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट वागवा म्हणून बजावतो आणि त्याबद्दल आहेर घेतो. मी नसल्यामुळे हे काम आमचा चुलतभाऊ पप्पू करायला तयार होता. तो इतका तयार होता की सुवर्णाला काळजी वाटत होती. "पप्प्या खरंच पिळतो," ती म्हणाली. "नववीत त्याने एकाचा पिळला होता, त्या मुलाला डॉक्टरकडे न्यावं लागलं."

वडिलांनी डेकोरेटरकडून मोठा पडदा सांगितला. मांडवात स्टेजशेजारी तो लावायचा, त्यावर मी दिसायचं, वेळ आली की हवेतच दोन बोटं पिळायची. पन्नास माणसांची परवानगी होती. त्यात मी धरलेला नव्हतो, एवढाच माझा घरच्यांना उपयोग.

माझी अडचण वेगळीच होती. नवरदेव अनिलराव बार्शीचे. त्यांचं खतांचं दुकान आहे. लग्न ठरल्यापासून मी त्यांच्याशी काही वेळा व्हिडिओवर बोललो होतो आणि प्रत्येक वेळी त्यांनी माझ्या सगळ्या बोलण्यावर "बरोबर" एवढंच म्हटलं होतं. पाऊस बरा झाला का? बरोबर. सुवर्णाला शिकवण्या चालू ठेवायच्या आहेत. बरोबर. माणूस वाईट नव्हता, पण चांगला आहे असं समजायलाही काही हाताला लागत नव्हतं. आमची बहीण या माणसाबरोबर जन्म काढणार आणि मला त्याचा एकच शब्द माहीत होता. कान पिळताना मी त्यांना नीट दोन शब्द सांगेन, तेव्हा तरी काहीतरी कळेल, यावर माझी सगळी भिस्त होती.

लग्न रविवारी. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, म्हणजे माझे संध्याकाळचे सहा. हा हिशेब मला झोपेतही येतो.

आणि बरोबर त्याच आठवड्यात कंपनीने मला ब्रिस्बेनला पाठवलं. सोमवारपासून एका पंपिंग स्टेशनचं काम होतं, मी शुक्रवारी रात्री पोचलो. शनिवारी हळदीच्या गडबडीत आईने फोन केला.

"उद्या दिवसभर काय करणार तू?"

"काही नाही. मोटेलवर बसतो."

"येड्यासारखं खोलीत बसून राहू नको. रडशील. कुठंतरी जाऊन ये. देऊळ हाय का तिथं?"

देऊळ होतं, पण बंद होतं. मोटेलच्या काउंटरवरच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "गो टू स्ट्रॅडी, लव्ह." आईचा आणि त्यांचा सूर सारखाच होता, म्हणून मी गेलो.

बोट

स्ट्रॅडी म्हणजे नॉर्थ स्ट्रॅडब्रोक आयलंड. इथल्या मूळच्या क्वांडामूका लोकांनी त्याला दिलेलं नाव मिंजेरिबा. ब्रिस्बेनच्या पूर्वेला क्लीव्हलंड नावाचं गाव आहे, तिथून बोट सुटते. बेट सगळं वाळूचं आहे, आणि इतकं मोठं आहे की उभं राहिल्यावर बेटावर आहोत असं वाटत नाही. हवा कोकणातल्यासारखी. शर्ट अंगाला चिकटतो आणि मग तिथेच राहतो.

बोटीवर बसताना शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी हवेबद्दल बोलायला सुरुवात केली. इथे अनोळखी माणूस हवेबद्दल बोलतो, आपल्याकडे तो थेट पगार विचारतो. मला दोन्ही चालतं. त्यांनी विचारलं, कुठून आलास? मी म्हणालो, मेलबर्न. ते उठले, दोन बाकं मागे जाऊन बसले आणि तिथून ओरडून म्हणाले, "नथिंग पर्सनल, मेट!"

मी म्हणालो, "नो वरीज." त्या वर्षी मेलबर्नच्या माणसाला हे वारंवार म्हणावं लागायचं. आम्ही इतका काळ घरात कोंडून काढला होता की बाकीच्या ऑस्ट्रेलियाला आम्ही ओल्या रंगासारखे अंगाला लागू असं वाटायचं. मग उरलेला वेळ ते गृहस्थ आणि मी हवेबद्दलच बोललो, पण मोठ्याने.

डनविच

बोट डनविचला लागते. माझा बेत असा होता की तिथून बसने बेटाच्या टोकाला जायचं. तिथे समुद्राकाठचे कडे आहेत, व्हेल दिसतात, आणि जाणारे सगळे तिथेच जातात. मी जेट्टीच्या शौचालयात गेलो आणि बाहेर आलो तर बस निघून गेली होती. ती बोटीसाठीच थांबलेली असते. बोटीतली माणसं चढली की तिचं काम संपतं. पुढची बस पुढच्या बोटीला.

बेकरीत शिरलो. दारात कोड स्कॅन केला, हाताला सॅनिटायझर लावला. भिंतीवर पाटी होती की दोन माणसांत एका मोठ्या कांगारूएवढं अंतर ठेवा. कांगारू उभा की आडवा, हे लिहिलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, चालत जाण्यासारखं काही आहे का? ती म्हणाली, ब्राउन लेक आहे. आणि चालत राहिलास तर पुढे ब्लू लेक.

"किती लांब?"

"नॉट फार."

आमच्याकडे करमाळ्यातही वाट विचारली की माणूस हात लांब करून "हे काय, हितंच" म्हणतो आणि आपण ऊन कलेपर्यंत चालतो. मला वाटलं होतं, इतक्या पुढारलेल्या देशात असं नसेल. पण "नॉट फार" आणि "हितंच" यांत तसूभरही फरक नाही, हे मी इथे अनुभवाने नमूद करतो. ब्लू लेकपर्यंतचा रस्ता भर उन्हात कित्येक तासांचा आहे. शहाणी माणसं गाडीने जातात. जाणाऱ्यांनी पाणी भरपूर घ्यावं. मी कमी घेतलं होतं, कारण पिशवीत फेट्याचा डबा होता, तोही अर्धा बाहेर.

फेटा मी क्लेटनमधल्या एका पंजाबी दुकानातून आणला होता. खरं तर ती पगडी होती, पण दुकानदार म्हणाला, "भाईसाब, कॅमेरे में सब सेम." तो चेपू नये म्हणून केक ठेवायच्या गोल डब्यात बसवला होता. वाटेत मागून येणाऱ्या दोन-तीन गाड्यांनी वेग कमी केला. माणसं डब्याकडे बघून अंगठा दाखवायची. त्यांना वाटत असावं की मी कुणाच्या तरी वाढदिवसाला निघालोय. एकाही गाडीने लिफ्ट दिली नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. कोविडमध्ये केकवाल्यालाही कुणी गाडीत घेत नव्हतं.

तपकिरी तळं

ब्राउन लेक खरोखर तपकिरी आहे. काठच्या झाडांची पानं पाण्यात पडून मुरतात आणि पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. ओंजळीत घेतलं तर फिकट, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं तर आपले पाय लोणच्यातल्या फोडींसारखे दिसतात. धंद्यामुळे मला पाण्याचा रंग बदलला की आधी संशय येतो. मी वास घेतला, बोटांत चोळून पाहिलं. स्वच्छ होतं. माझ्या नोकरीत असं पाणी दिसलं असतं तर आम्ही पंप बंद केले असते आणि चौकशी बसवली असती. इथे एक बाई त्यात डोळे मिटून उताणी तरंगत होती.

काठावर बसून खायचं काढलं. मोटेलच्या ब्रेडमध्ये शेंगदाण्याची चटणी लावून आणली होती. चटणी आमच्याकडची, जाडसर कुटलेली, तेल सुटणारी. आईने ती शेवटच्या पार्सलात पाठवली होती आणि मी ती औषधासारखी पुरवून खात होतो. पहिला घास घेणार तेवढ्यात डाव्या कानाजवळून काहीतरी गेलं आणि हातात नुसता कागद राहिला. समोरच्या फांदीवर एक कुकाबुरा माझं सँडविच चोचीत धरून बसला होता. या पक्ष्याचं ओरडणं हसण्यासारखं असतं, असं पुस्तकांत सांगतात. हा हसला नाही. त्याने सँडविच फांदीवर दोनदा आपटलं, साप मारतात तसं, आणि गिळलं. मग चोच उघडी ठेवून बराच वेळ स्वस्थ बसून राहिला. आमची चटणी तिखट असते.

लिहिलेली झाडं

ब्लू लेकला जाणारी पायवाट मोठ्या रस्त्यापासून आत वळते. दुपार झाली होती. वाट पांढऱ्या वाळूची, दोन्ही बाजूंना उंच गमची, म्हणजे निलगिरीची झाडं. त्यांतल्या एका जातीच्या खोडावर कुणी तरी लिहून ठेवल्यासारख्या नागमोडी रेघा असतात. सालीच्या आत एक अळी फिरते, तिची ती वाट. साल गळाली की उघडी पडते. मी लहान असताना वडील एकदा जमिनीच्या कामासाठी जुने कागद घेऊन कचेरीत गेले होते. ते मोडीत होते, आणि तिथे कुणालाच वाचता येत नव्हते. सगळ्यांनी ते आळीपाळीने हातात घेतले, मान हलवली आणि परत दिले. या झाडांपुढे मी तशीच मान हलवली.

अर्ध्या वाटेवर टेकडीसारखा चढ येतो आणि वर एक लुकआउट आहे. झाडी एकदम बाजूला होते आणि खाली पॅसिफिक महासागर दिसतो. मी आजवर समुद्र पाहिला होता, पण त्याच्या पलीकडे काही आहे अशा खात्रीने पाहिला होता. इथे तशी खात्री वाटेना. तिथे उभा असताना खिशातला फोन वाजला. दूधवाल्या ॲपचा मेसेज होता. डनविच सोडल्यापासून गेलेली रेंज या टेकडीवर येत होती.

तेव्हाच मी ठरवलं की लग्न इथूनच. जेट्टीवरच्या शौचालयाजवळ फेटा घालून उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं. वडिलांच्या त्या मोठ्या पडद्यावर माझ्या मागे पॅसिफिक महासागर दिसेल. करमाळ्यातल्या पन्नास माणसांपैकी निदान चाळिसांनी समुद्र पाहिलेला नाही. सहाला दहा-पंधरा मिनिटं असताना इथे यायचं. तोवर खाली तळं बघून घ्यायचं. अंधारात परत जेट्टीपर्यंत कसं जायचं, याचा विचार मुहूर्तानंतर करायचा होता.

काबूरा

ब्लू लेकचं जुनं नाव काबूरा. ते क्वांडामूका लोकांचं पवित्र ठिकाण आहे, पाण्यात उतरू नका अशी विनंतीची पाटी आहे. मी उतरलो नाही. चपलाही बाजूला काढून ठेवल्या. असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण पाय आपोआप थांबले. तळ्याभोवती उंच लव्हाळी, पाणी काचेसारखं, आणि इतकी शांतता की पोटात गुरगुरलेलं दोन्ही काठांना ऐकू जावं. भूक लागलीच होती.

मी तिथे सावलीत झोपलो. उठल्यावर ऊन उतरलं होतं. भाषणाची तयारी केली नव्हती, ती करायला उभा राहिलो. आसपास कुणी नव्हतं.

"भाऊजी," मी तळ्याला म्हणालो, "आमची बहीण आम्ही फुलासारखी वाढवली."

हे काही खरं नव्हतं. सुवर्णाला कुणी फुलासारखं वाढवलेलं नाही. ती दहावीपासून गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेते आणि पोरं तिला घाबरतात. मी पुन्हा सुरू केलं.

"भाऊजी, तुम्ही जर आमच्या बहिणीला कधी..."

"कधी काय?" मागून कुणीतरी विचारलं. मराठीत.

वळून पाहिलं. पांढरी टोपी घातलेल्या, हातात चालायची काठी घेतलेल्या एक बाई उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या. "थांबू नको, बोल," त्या म्हणाल्या आणि झाडीकडे तोंड करून ओरडल्या, "आग्नेल! इकडे ये रे! एक मराठी मुलगा तळ्याशी भांडतोय!"

झाडीतून गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक गृहस्थ आले आणि काही न बोलता माझ्याकडे बघत उभे राहिले. फिलोमिना आंटी आणि आग्नेल अंकल मूळचे वसईचे. आंटी ब्रिस्बेनच्या हॉस्पिटलात नर्स होत्या, आता निवृत्त. अंकल जहाजावर इंजिनियर होते, तेही निवृत्त, पण ते बोलण्यातून आधीच निवृत्त झाल्यासारखे वाटत होते.

"कुठला तू?" आंटींनी विचारलं.

"करमाळा. सोलापूर जिल्हा."

"आणि इकडे?"

"मेलबर्न."

दोघंही एकदम मागे सरकले. मग आंटी पुन्हा पुढे आल्या. "जाऊ दे. आमची मुलगीपण तिथलीच. क्रेगीबर्न. तिला काय तळ्यात टाकणार आहे मी? बोल, कुणाला दम देत होतास?"

मी सगळं सांगितलं. लग्न, पडदा, टेकडी, अनिलराव, बरोबर. आंटी मन लावून ऐकत होत्या.

"आमच्यात कान पिळत नाहीत," त्या म्हणाल्या. "आमच्या लग्नात माझ्या भावाला कामच नव्हतं. बसला जेवत. पिळला असता एकदा तर बरं झालं असतं." त्यांनी अंकलकडे पाहिलं. अंकल तळ्याचा फोटो काढत होते. "मुहूर्त कितीचा?"

"सहाचा. अजून तास आहे."

"भारतात किती वाजता?"

"साडेबारा."

अंकलनी कॅमेरा खाली केला आणि घड्याळ पाहिलं. मग ते पहिल्यांदा बोलले. "साडेबारा म्हणजे इथे पाच."

"नाही अंकल," मी नम्रपणे म्हणालो. "आपण साडेपाच तास पुढे. सहा."

"ते मेलबर्न. तुम्ही लोक उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करता. क्वीन्सलँड करत नाही."

"का नाही करत?"

हा प्रश्न विचारायची ती वेळ नव्हती, हे मला आता कळतं.

"जास्तीच्या उन्हाने पडद्यांचा रंग उडतो म्हणतात," अंकल म्हणाले. "आणि गायी गोंधळतात."

"आग्नेल, त्याला पळू दे!" आंटी ओरडल्या. "मुला, पाचला दहा कमी आहेत! पळ!"

टेकडी

मी पळालो. चपला हातात राहिल्या, त्या बऱ्याच पुढे गेल्यावर घातल्या. पाठीवर केकचा डबा उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे आपटत होता. वाळूत पळणाऱ्याला आपण फार पळतोय असं वाटतं, झाडांना मात्र तसं वाटत नाही.

पळताना मला एकच आधार होता. आमच्या घराण्यात आजवर एकही लग्न मुहूर्तावर लागलेलं नाही. माझ्या काकांच्या लग्नात वरात इतकी रेंगाळली की भटजी दुसरं लग्न लावून परत आले होते. आजही तसंच होईल. कुणाचा तरी मामा रुसेल, जनरेटर बंद पडेल, बँडवाले चहाला जातील. मी माझ्या सगळ्या नातेवाइकांच्या ढिलेपणावर इतक्या श्रद्धेने कधी विसंबलो नव्हतो.

चढाच्या सुरुवातीला वाटेत एक घोरपड आडवी पडली होती. इथल्या घोरपडी माणसाएवढ्या लांब होतात. ती सरकेना. मी "शुक शुक" केलं, मग "हाड" म्हटलं. तिने जीभ बाहेर काढली आणि आत घेतली. तिला मुहूर्त नव्हता. शेवटी मीच झुडपांतून वळसा घालून गेलो आणि त्यात पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत फाटला. ती पँट वडिलांनी शिवलेली होती.

टेकडीवर पोचलो आणि फोन वाजायला लागला तो थांबेचना. आईचे, वडिलांचे, पप्पूचे, सगळ्यांचे मिस्ड कॉल. मी पप्पूला व्हिडिओ लावला. पडद्यावर मांडवाची झालर आणि कुणाचं तरी कोपर दिसलं आणि तिथेच गोठलं. पुन्हा लावला. पुन्हा कोपर. रेंज दूधवाल्याच्या मेसेजपुरतीच होती. शेवटी साधा फोन लावला.

"अरे मेला होतास का काय?" पप्पू ओरडला. मागे सनई, भांडी, माणसं.

"अक्षता?"

"पडल्या की! पोलिस दारात उभे हायत. म्हणले, तासाभरात आटपा. भटजींनी साडेबाराच्या ठोक्याला लावलं लग्न. आपल्यात पहिल्यांदा असं झालं बघ. लोक अजून अक्षता शोधतेत."

"आणि पडदा?"

"पडद्यावर सगळा वेळ तुझं ते गोल गोल फिरत होतं, कनेक्टिंग म्हणून. पाहुण्यांनी मंगलाष्टकं तिकडं बघतच ऐकली. तुझ्या बापानं शेवटी त्यालाच हात जोडले."

मी विचारलं, "बाबा कुठायत?"

"खुर्चीवर बसलेत. बोलत नाहीत." मग तो जरा हळू म्हणाला, "सुवीला सांगितलं, नेट नसंल म्हणून. आता कान पिळायचंय. भटजी घाई करतेत. मी बाह्या वर केल्यात."

"पप्पू, थांब."

"अरे कसं थांबू? पोलिस..."

तेवढ्यात मागून सुवर्णाचा आवाज आला. शिकवणीतला आवाज. "पप्प्या, कुणाचा फोन आहे?"

"दादाचा."

"आण इकडे."

फोन हातोहात जाताना बांगड्या, हार, फुलांची खसखस असं सगळं ऐकू आलं. तोवर आंटी आणि अंकल धापा टाकत टेकडीवर पोचले होते. आंटींनी डब्याकडे बोट केलं. "त्यात काय आहे?"

"फेटा."

"मग घाल की."

"मी दिसत नाहीये, आंटी. नुसता आवाज जातोय."

"बहिणीचं लग्न आहे ना? घाल!"

मी फेटा घातला. अंकलनी फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे. मागे महासागर आहे आणि पँट गुडघ्यापर्यंत फाटलेली आहे.

"दादा?" सुवर्णा म्हणाली.

"सुवर्णा, माझं चुकलं. इथे घड्याळ..."

"ते नंतर. दिसत का नाहीस?"

"रेंज पुरत नाही. आवाजच येतोय."

पोलिसांची शिट्टी वाजली. मला वाटलं, आता ती पप्पूला पुढे हो म्हणणार. तिने तसं म्हटलं असतं तरी मला काही बोलायचा अधिकार नव्हता.

"आवाज चालेल," ती म्हणाली. "पप्प्या, फोन ह्यांच्या कानाला लाव."

"आणि पिळणार कोण?"

"दादा."

"अगं, फोनवरनं कान कसा..."

"लाव म्हणते ना!"

खरखर झाली. मग एकदम शांतता, जणू एखाद्या खोलीचं दार लावून घेतलं. मी करमाळ्यातल्या एका माणसाच्या कानात होतो.

"भाऊजी," मी म्हणालो. "मी सुवर्णाचा भाऊ."

"बरोबर," अनिलराव म्हणाले.

तळ्यावर जे जे ठरवलं होतं त्यातलं मला काहीही आठवेना. फूल आठवलं, पण ते खोटं होतं. वारा सुटला होता. आंटी माझ्याकडे बघून हातानेच 'पिळ, पिळ' करत होत्या.

"भाऊजी," मी म्हणालो, "कान पिळतोय हं."

आणि मी उजव्या हाताची दोन बोटं हवेत धरून पिळली. दुसरं काय करणार? पलीकडे काहीच आवाज नाही. नुसता श्वास. मी हात तसाच धरून उभा राहिलो. पॅसिफिक महासागरावर संध्याकाळ होत होती आणि मला वाटलं, झालं, आता म्हणेल, बरोबर.

"आई! आई आई आई गं!"

मी दचकून फोन कानापासून लांब केला. तो आवाज आंटींनासुद्धा ऐकू गेला.

"सोडा! ओ दादा, सोडा! तुटला, तुटला कान!"

मांडव चिडीचूप झाला असावा, कारण पप्पूचा आवाज अगदी स्वच्छ आला. "देवाशप्पथ, मी हात पण लावला नाही!" मग कुणीतरी हसलं, मग बरेच हसले, आणि त्या सगळ्यांत सुवर्णाचं हसणं मी ओळखलं. ती हसताना मध्येच श्वास घ्यायला विसरते आणि मग ठसकते. तशीच ठसकली.

माझा हात अजून हवेतच होता. "सोडू का?" मी विचारलं.

"मला काय विचारताय?" अनिलराव कण्हत म्हणाले. "तिला विचारा. इथून पुढं सगळं तिलाच विचारायचं, असं ठरलंय आमचं."

लांबून सुवर्णा म्हणाली, "दादा, अजून थोडा!"

"आई गं!" अनिलराव पुन्हा ओरडले, आणि रेंज गेली.

मी हात खाली घेतला. अंकल कॅमेऱ्याचं झाकण लावत होते. त्यांनी गाडीची किल्ली काढून मला दाखवली, म्हणजे जेट्टीपर्यंत सोडतो, असं असावं.

"दुखलं का त्याला?" आंटींनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "पण ओरडला."

"मग झालं," आंटी म्हणाल्या, आणि आम्ही तिघं गाडीकडे चालू लागलो.